महालाच्या खिडकीतली ओवी

“बांगड्या!” काचेच्या खोलीतून आवाजवाला ओरडला. “कुणाच्या तरी बांगड्या वाजताहेत!”

सगळं थांबलं. वादकांनी वाद्यं मांडीवर घेतली, दिव्यांचा लख्ख उजेड विझला, आणि कॅमेऱ्यांच्या बंद पेट्यांची दारं उघडून आतली घामानं निथळलेली माणसं बाहेर येऊन धापा टाकू लागली. कॅमेऱ्याची घरघर गाण्यात उतरू नये म्हणून तेव्हा कॅमेरा माणसासकट पेटीत कोंडत असत. बाहेर उन्हाळा, वर भट्टीसारखे दिवे, आणि पंखा लावायची सोय नाही, कारण पंख्याचाही आवाज येतो. आम्ही राजवाड्यातल्या दासी पायऱ्यांवर ओळीनं उभ्या होतो. पायांत मऊ कापडी तळव्यांच्या चपला, हातांत लाकडी कडी. सगळ्या एकमेकींच्या हातांकडं बघायला लागल्या.

बांगड्या माझ्या होत्या. नगरहून निघताना आईनं भरलेल्या, हिरव्या काचेच्या. कपडेपटातल्या बाईनं सकाळी साबण लावून ओढून पाहिल्या होत्या, पण त्या हाडापाशी अडकत.

“फोडून टाक,” दिग्दर्शकाचा मदतनीस म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं.

“मग घरी जा.”

मी निघालेही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. शाळेला सुट्टी म्हणून मैत्रिणीच्या नादानं आले होते, आणि आल्यापासून इथून कधी एकदा पळते असं झालं होतं.

तेवढ्यात आवाजवाला खाली उतरून आला. लिंडक्विस्ट त्याचं नाव, ताडमाड उंच, स्वीडनकडचा. त्याच्या खिशात कापूस आणि चिकटपट्टी कायम असायची, जे वाजेल ते गुंडाळायला. त्यानं माझा हात धरला आणि एकेका बांगडीभोवती कापूस गुंडाळायला लागला.

“कुठली गं तू?”

“हिंदुस्थानची. अहमदनगर नावाचं गाव आहे.”

तो मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. मग डोक्यावर लोंबणाऱ्या मोठ्या कागदी कमळाकडं बघितलं, त्यात माईक लपवलेला होता. तो तरातरा वर गेला आणि काचेच्या खोलीतून म्हणाला, “आता पुन्हा बोल. तुझ्या भाषेत. काहीही.”

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. काही सुचेना. मी एकोणीसचा पाढा म्हटला. शेवटपर्यंत म्हटला, कारण मध्ये कुठं थांबायचं ते कळेना.

दिग्दर्शक प्रायर साहेब खुर्चीतून उठले होते. पाढा संपल्यावर म्हणाले, “फार करुण कविता आहे.”

असं झालं होतं की, त्या महालाच्या खिडकीत बसून एका दासीनं गाणं म्हणायचं होतं. राजपुत्राचं जहाज निघतंय आणि ही खिडकीतून बघतेय. त्यासाठी आणलेली गायिका मोठी नावाजलेली होती, पण तिचा सूर वर चढला की आवाज टिपणारं यंत्र किंचाळायचं. माझा आवाज जाड, पुरुषी. शाळेत मुली हसायच्या. यंत्राला मात्र तो मानवला.

“पुढच्या आठवड्यात ये,” प्रायर साहेब म्हणाले. “तुझ्याच भाषेत गा. कुणाला कळण्याची गरज नाही.”

*

मी शेवंता भिंगारदिवे. मी पाळण्यात असतानाच वडील प्लेगानं गेले, आणि आई नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात दळणाला लागली. हॅलोवे साहेब तिथले पाद्री, आणि हॅलोवे मडम मुलींच्या शाळेवर. मडमनी मला अक्षरं शिकवली, बाजाची पेटी शिकवली, इंग्रजी शिकवलं. साहेबांना नगरच्याच मातीत पुरलं. पुढं मडम म्हातारपणी अमेरिकेला परत निघाल्या तेव्हा त्यांनी आईला विचारलं, “पोरगी माझ्याबरोबर दे. तिथल्या बायबल शाळेत शिकेल, आणि परत येऊन माझ्या जागी बसेल.” आई हो म्हणाली. मला कुणी विचारलं होतं का, ते आठवत नाही.

कॅलिफोर्नियात पॅसाडीना म्हणून गाव आहे, तिथं मडमचं छोटं घर होतं. दारात संत्र्याची झाडं. त्या देशात आमच्यासारख्यांना सहसा आत घेत नसत. विद्यार्थिनी म्हणूनच मला परवाना मिळाला होता. आठवडाभर शाळा, आणि रविवारी मडम मला वेगवेगळ्या चर्चांत न्यायच्या. मी नऊवारी नेसून उभी राहायची, नगरच्या शाळेबद्दल बोलायची, एक मराठी गीत म्हणायची. मग बाया पुढं येऊन लुगड्याच्या काठाला हात लावून बघायच्या. दोन वर्षं हे चाललं होतं. रात्री अंथरुणावर पडलं की पाय आपोआप हलायचे, जणू कुठंतरी चालत निघालेत. कुठं, ते मला ठाऊक नव्हतं.

शाळेच्या धुलाईघरात कोन्सुएलो नावाची मेक्सिकन मुलगी होती, माझ्याच वयाची. तिच्या सिनेमावाल्यांशी ओळखी होत्या. तेव्हा नुकताच सिनेमा बोलू लागला होता, आणि बोलू लागताच गाऊही लागला होता. जो तो गाण्यांचा बोलपट काढायचा. “राजवाड्यासाठी सावळ्या मुली हव्यात,” ती म्हणाली. “चल, गंमत बघ.” म्हणून मी गेले होते.

त्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी सांगून टाकलं. मडमशी मी मराठीतच बोलायची. त्यांचं मराठी नगरच्या बायांकडून उचललेलं, ठसक्याचं. फक्त ‘ळ’ तेवढा जन्मभर जमला नाही.

“मडम, मी आज सिनेमात काम केलं. पुढच्या आठवड्यात मला तिथं गायचंय.”

मडमनी काटा खाली ठेवला. “तोंडाला रंग फासून?”

“थोडा फासतात.”

“अगं पोरी, त्यासाठी आणली का मी तुला एवढ्या लांब? तिथं पुरुषांपुढं नाचवतील तुला.”

“नाचायचं नाही. खिडकीत बसून गायचंय.”

“एकच. लुगडं नेसवून, नटवून, लोकांपुढं उभी करायची—”

“ते तर रविवारी तुम्हीही करता, मडम.”

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली. त्या बाईंना मी कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

“तिथं तू प्रभूचं गातेस,” त्या हळू म्हणाल्या.

“गाते. पण कुणी ऐकत नाही. माझं गाणं संपेपर्यंत त्या बाया केकाकडं बघत असतात.”

“आणि सिनेमावाले ऐकणारेत होय?”

“माणसांचं माहीत नाही. त्यांचं यंत्र ऐकतं.”

मडमनी ताट बाजूला सारलं. मग मडम म्हणाल्या, “शाळेला कळलं तर नाव कमी करतील. नाव कमी झालं की परवाना गेला. हे डोक्यात आहे ना तुझ्या?”

“आहे.”

“तरी जाणार?”

मी ताटं उचलली. मडम पाठमोऱ्याच म्हणाल्या, “गेलीस तर या घरात परत यायचं नाही, शेवंता. मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू?”

*

मी गेले.

पेचात पडले ती गाण्याच्या निवडीवरून. दिग्दर्शकांना प्रेमाचं, विरहाचं काहीतरी हवं होतं. मला येत होती ती चर्चची गीतं; ती महालाच्या खिडकीत म्हणायला जीभ रेटेना. मग एकच राहिलं. नगरहून निघाले त्या पहाटे टांगा दारात उभा होता, माझी कपड्यांची पेटी त्यावर चढवत होते, आणि आई बाहेर आलीच नाही. ती जात्यावर बसून राहिली होती. मी दाराआड उभी राहून ऐकलं होतं. तिनं तीन ओव्या म्हटल्या होत्या, त्या दिवशीच जुळवलेल्या. तिला ओव्या येतात हेसुद्धा मला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दोन अशा:

समिंदराच्या पल्याड, लेक माझी गं शिकती
इथं जात्याच्या खुंट्याला, माझी मूठ गं झिजती

बोटीवाल्या दादा, हळू हाक तुझी बोट
लेक झोपली माझी, धरून लुगड्याचा काठ

तिसरी पुढं सांगते. संगीतवाल्यांनी चाल दोनदा ऐकली आणि तिच्याखाली व्हायोलिनं अंथरली. “प्रियकर दूर गेलाय, हो ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बोट होती, दूर जाणं होतं, बाकी समजवायला वेळ कुणाला होता?

तेव्हा गाणं आधी भरून ठेवून मागाहून ओठ हलवायची युक्ती अजून सगळीकडं रुळली नव्हती. आमच्याकडं गाणं आणि चित्र एकदमच घ्यायचे, वादक समोरच बसलेले. कुठं एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी सगळंच बिनसत होतं. एकदा वरून विमान गेलं. स्टुडिओवर विमानं येऊ नयेत म्हणून आभाळात खुणेचा मोठा फुगा सोडलेला असे, तरी एखादा वैमानिक यायचाच. एकदा व्हायोलिनची तार तुटली. एकदा मी नीट गायले, सगळं जमलं, आणि शेवटच्या ओळीला डावीकडच्या पेटीत धप्पकन आवाज झाला. कॅमेरावाला उष्म्यानं बेशुद्ध पडला होता. त्याला बाहेर ओढून तोंडावर पाणी मारलं. मी खिडकीत बसून ते बघत होते. तोंडावरचा रंग घामानं ओघळत होता, रंगवाली बाई पुन्हा पुन्हा टिपत होती, आणि माझ्या मनात एकच येत होतं, आता बास, उठून जावं. पण जाणार कुठं? पॅसाडीनाचं दार बंद झालं होतं.

पुन्हा तांबडा दिवा लागला. पुन्हा ती भयाण शांतता, एवढ्या माणसांनी एकदम श्वास धरल्याची. या वेळी मला दिवे दिसेनासे झाले. जात्याची घरघर नाही म्हणून गाणं उघडं पडल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी मांडीवर मूठ गोल फिरवत राहिले. तिन्ही ओव्या झाल्या. या खेपेला काही बिघडलं नाही.

लिंडक्विस्टनं मला वर बोलावलं आणि मेणाच्या तबकडीवर उतरलेलं ऐकवलं. आपलाच आवाज बाहेरून मी कधी ऐकला नव्हता. मला तो आईचा वाटला. मी तिथंच भिंतीला टेकून रडले, आणि तो भला माणूस गोंधळून म्हणाला, “वाईट नाही झालंय गं, छान झालंय!”

बोलपट चालला तर वर्षभरासाठी ठेवून घेऊ, असं स्टुडिओनं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात बायबल शाळेनं माझं नाव कमी केलं.

*

मी कोन्सुएलोच्या घरी राहायला गेले. तिची आई मक्याच्या भाकऱ्या करायची. मी पहिल्याच दिवशी दोन्ही हातांवर भाकरी थापून दाखवली आणि त्या घरची झाले. पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. बोलपटाचे तुकडे जोडून तो तयार व्हायला महिने लागणार होते. मी रोज सकाळी उठून स्टुडिओच्या फाटकाशी जायची, काही नाही म्हटल्यावर चालत सुटायची. कुठल्या रस्त्यानं आले तेही कळायचं नाही. कधी पॅसाडीनाची लाल ट्राम समोर येऊन थांबायची. एकदा मी चढले, आणि पुढच्याच थांब्यावर उतरले.

“तुला नक्की काय हवंय?” कोन्सुएलोनं एकदा वैतागून विचारलं.

“कुणीतरी ऐकावं.”

“मला ऐकव की!”

तिला ऐकवलं. ती म्हणाली, छान आहे, आणि कपडे वाळत घालायला गेली. तिचं काय चुकलं? तिला शब्द कळत नव्हते.

आणि त्या उन्हाळ्यात लोकांचा नूर पालटला. वर्षभर प्रत्येक सिनेमात गाणी ऐकून ऐकून माणसं विटली. पडद्यावर कुणी तोंड उघडून आ केला की थिएटरात उसासे ऐकू यायचे. काही थिएटरांनी तर बाहेर पाट्या लावल्या, या चित्रात गाणी नाहीत म्हणून. मला हे कोन्सुएलो सांगायची. मी तिच्यावरच चिडायची.

शरद लागल्यावर एका दुपारी लिंडक्विस्टचा निरोप आला. बोलपट तयार आहे, आज संध्याकाळी तो गुपचूप दाखवून बघणार आहेत. असंच करायचे, जवळच्या गावात, दुसऱ्या चित्राच्या पाठोपाठ, न सांगता, लोक काय म्हणतात ते बघायला. या वेळचं गाव होतं पॅसाडीना.

मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून मडमना फोन केला.

“मडम, मी शेवंता. माझं गाणं आज तुमच्या गावच्या थिएटरात दाखवताहेत. सहाच्या खेळानंतर.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

*

थिएटर भरलेलं होतं. कोन्सुएलो आणि मी मधल्या रांगेत बसलो. पहिलं चित्र संपलं आणि आमचं सुरू झालं. पहिल्या गाण्याला लोक गप्प होते. दुसऱ्याला मागून कुणीतरी शीळ घातली. तिसऱ्या गाण्यात सगळ्या दासी पायऱ्या उतरत होत्या, आणि एक माणूस मोठ्यानं म्हणाला, “अरे देवा, आणखी?” थिएटर हसलं. माणसं उठायला लागली. अजून माझं यायचंच होतं.

मग खिडकी आली. एवढी मोठी मी! माझं नाक, माझे दात. व्हायोलिनं सुरू झाली आणि चारी बाजूंनी खुर्च्या खाडखाड मिटू लागल्या. लोक कोट चढवत होते, बायका टोप्या शोधत होत्या, कुणीतरी माझ्या आवाजाची नक्कल करून म्हशीसारखं हंबरलं आणि पोरं खिदळली. पहिली ओवी त्यात बुडाली. दुसरी बुडाली. कोन्सुएलोनं माझा हात घट्ट धरला होता. पुढं पडद्यावर माझं तोंड हलत होतं. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

आणि पाठीमागून आवाज आला:

“खाली बसा! गप बसा की रे मेल्यांनो! ऐकू द्या मला!”

मराठीत. खणखणीत, नगरच्या शाळेत पटांगणावरून यायचा तस्सा. मी वळून बघितलं. शेवटच्या रांगेत हॅलोवे मडम उभ्या होत्या. डोक्याला चर्चची टोपी, हातात छत्री, आणि ती छत्री त्या पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आपटत होत्या. जन्मात कधी सिनेमाघराची पायरी न चढलेली बाई. लोक जागच्या जागी थबकले. म्हातारी कुठल्या भाषेत ओरडतेय ते कुणाला कळेना. काहींना वाटलं हा खेळाचाच भाग आहे. हसू विरलं, कुजबुज थांबली. थिएटर पुरतं शांत झालं तेव्हा तिसरी ओवी संपत होती, आणि लगेच पडद्यावर घोडे आले.

मडम खाली बसल्या नाहीत. वळल्या आणि बाहेर गेल्या. मी माणसांच्या पायांवर पाय देत त्यांच्यामागं धावले.

त्या फुटपाथवर उभ्या होत्या, थिएटरच्या दिव्यांखाली. छत्रीची मूठ वाकली होती. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, “तिसरी ओवी. मला सुरुवात ऐकू आली, आणि मग त्या गाढवांच्या खुर्च्या. पुन्हा म्हण.”

“इथं?”

“इथंच.”

येणारे-जाणारे बघत होते. मी म्हटली:

मडमबाई गं तुला, लेक दिली मी उसनी
फेड करताना बाई, ओंजळ दे गं भरूनी

मडमनी डोळे मिटले होते. “उसनी,” त्या म्हणाल्या. “पीठ उसनं देतात तशी.”

“हो.”

“कुणी केली ही?”

“आईनं. मी निघाले त्या पहाटे, जात्यावर.”

“मी बाहेर टांग्यात बसले होते,” मडम म्हणाल्या. “मला वाटलं, लेक चाललीय आणि ही बाई बाहेरसुद्धा येत नाही, किती कठोर.” लाल ट्राम आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. “शेवंता, तुझ्या आईला मी ओव्या म्हणायची बंदी केली होती. तू रांगत होतीस तेव्हा. म्हटलं, आता तू प्रभूची झालीस, जात्यावर ही जुनी गाणी नकोत. ती बरं म्हणाली. लगेच बरं म्हणाली. त्यानंतर सगळी वर्षं भिंतीपलीकडून मला नुसती जात्याची घरघर ऐकू यायची. मी साहेबांना म्हणायची, सारजा किती शांत झालीय बघा.”

आई दळताना गप्प असते, हे मी लहानपणापासून बघत आले होते; मला वाटायचं ती तशीच आहे.

“घरी चल,” मडम म्हणाल्या.

“तुम्हीच म्हणाला होतात, परत यायचं नाही.”

“म्हणाले होते. चल.”

*

बोलपटातली सगळी गाणी कापली. लिंडक्विस्टनं स्वतः येऊन सांगितलं, बिचारा टोपी हातात धरून उभा होता. गाण्याविना उरलेलं चित्र कसंबसं आठवडाभर चाललं. त्यात मी खिडकीत दिसते म्हणे. तोंड उघडते आणि घोडे येतात. मी बघायला गेले नाही. वर्षभराच्या कामाचं कुणी नाव काढलं नाही. परवान्याचं नाव मात्र सरकारी हापिसानं काढलं. मडम म्हणाल्या, “मी खटपट करते, दुसऱ्या शाळेत नाव घालते, राहा.” मी रात्रभर विचार केला आणि सकाळी नको म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा माझे पाय अंथरुणात शांत होते.

“मग मी येते सोडायला,” मडम म्हणाल्या.

“मी काय गाठोडं आहे, सोडायला? जाईन माझी मी.”

“तू जाशील गं. मला जायचंय.”

डॉक्टरांनी नको म्हटलं, चर्चच्या बायांनी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. बोटीवर त्या सबंध प्रवास आजारी होत्या. मी त्यांच्या उशाशी बसून राहायची आणि मनातल्या मनात चडफडायची, की आता आईला काय सांगू? शिकून आले नाही, मडमची जागा घेण्याजोगी झाले नाही, सिनेमातही राहिले नाही. ओंजळ भरून परत द्यायला माझ्यात होतं काय?

नगरला आम्ही सकाळी पोचलो. बोर्डिंगच्या मागच्या खोलीतून जात्याचा आवाज येत होता. मडमना टांग्यातून उतरवता उतरवता माझा दम निघाला. दारात उजेड अडला तशी आईनं मान वर केली. केस पांढरे झाले होते. पिठाचे हात तिनं पदराला पुसले, माझ्या गालावरून फिरवले आणि म्हणाली, “वाळलीस.” मग तिचं लक्ष मागं गेलं. “मडम! तुम्ही कशाला एवढ्या लांब?”

“सारजा,” मडम म्हणाल्या, “मला ओवी ऐकायचीय.”

“कसली ओवी? तुम्हीच बंद केल्या न्हाई का?”

“हो. मीच केल्या.”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. रागानं की कशानं, मला त्या चेहऱ्यावरून कधीच काही वाचता आलं नाही. मग तिनं पोतं झटकलं आणि जात्याच्या पलीकडं अंथरलं.

“बसा मग. अन् खुंटा धरा. एकटीनं लई वर्सं वढलं मी.”

मडम बसल्या. गुडघे वाकेनात, मी एका बाजूनं धरलं, आईनं दुसऱ्या. सुरकुतलेला गोरा हात आईच्या हाताखाली खुंट्यावर बसला. जातं फिरायला लागलं, पहिल्यांदा अडखळत, मग सरळ. आईनं घसा खाकरला. सूर लागायला वेळ लागला, फाटका, खर्जातला, माझ्यासारखाच. तिनं म्हटलेली ओवी मी कधी ऐकली नव्हती. ती माझ्या बापाची होती. पुढची प्लेगाची. त्यापुढची माझ्या पहिल्या पावलांची. मग साहेबांच्या मरणाची एक आली, तेव्हा मडमचा हात थांबला. आईनं तो पुन्हा धरून फिरवला. एकामागून एक येत राहिल्या, एवढी वर्षं तिनं त्या कुठं ठेवल्या होत्या देव जाणे. मी पेटी हातात घेऊन दारातच उभी होते, आणि दोघींपैकी कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं.

सुपातलं धान्य संपलं. जातं रिकामं घरघरायला लागलं तशी आई थांबली.

मडमनी डोळे न पुसताच माझ्याकडं वळून बघितलं.

“उभी काय राहिलीस?” त्या म्हणाल्या. “आणखी जोंधळे आण.”